कॅमेऱ्याआधी एक शंभर पानी वही घ्या

महिन्या-दोन महिन्यांतून हा फोन येतोच. "दादा, सत्तर हजारांपर्यंत बजेट आहे. कुठला कॅमेरा घेऊ?" मी विचारतो, "फोटो कशाचे काढायचेत?" पलीकडे जरा शांतता. मग, "असेच... सगळेच."

शेवटचा असा फोन आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलाचा होता. नोकरीला लागून वर्ष झालेलं, दिवाळीचा बोनस खात्यात पडून, आणि रोज रात्री दोन कॅमेऱ्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघून डोकं पार भंजाळलेलं. ठाण्यात, नौपाड्यात चहा पिता पिता त्याला जे सांगितलं, तेच नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे सविस्तर लिहितोय.

"कॅमेऱ्याने काही होत नाही, नजर हवी" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. असं म्हणणाऱ्यांच्या बॅगेत बहुधा लाख-दीड लाखाची लेन्स असते. कॅमेऱ्याने फरक पडतो. पण तुमच्या फोटोंत तो नक्की कुठे पडेल, हे तुमचेच बिघडलेले फोटो सांगतील, आणि त्यांना बोलतं करायला दोन-तीन महिने लागतात. तोवर बोनस खात्यातच राहू द्या.

पहिले चार आठवडे: खिशातला मोबाइल

आधी लेन्स पुसा. हसू नका. खिशातली धूळ, घाम आणि बोटांचं तेल यांचा थर मोबाइलच्या लेन्सवर कायम असतो. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती जो धुरकट पिसारा दिसतो, तो बहुतेक वेळा या थराचाच असतो. स्वच्छ सुती रुमाल पुरतो.

मग सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा, म्हणजे तलाव एका बाजूला सांडल्यासारखा दिसणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे स्क्रीनवर बोट दाबून धरायची. जिथे दाबाल तिथला फोकस आणि उजेड लॉक होतो. नंतर बोट खाली सरकवलं की फोटो गडद होतो. मोबाइलला सगळं उजळ करायची खोड असते. संध्याकाळचा फोटो थोडा खाली ओढलात तरच तो संध्याकाळचा वाटतो. आणि दोन बोटांनी ताणून झूम करू नका. तो बहुतेक वेळा झूम नसतो, फोटोचा तुकडा कापून मोठा करून दाखवलेला असतो. चार पावलं पुढे जा.

एवढ्या तयारीवर पहिला गृहपाठ. तलावपाळीवर एक जागा ठरवा, एखादा बाक किंवा कठड्याचा कोपरा, आणि एकाच दिवशी चार वेळा तिथेच उभं राहून तोच फोटो काढा. सकाळी साडेसहाला, दुपारी एकला, सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी आणि रात्री नऊला. सकाळी पाणी स्थिर असतं, उजेड तिरका येतो, फिरायला आलेल्या आजोबांच्या लांब सावल्या पडतात. दुपारी तेच आजोबा बसवले तर डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे. रात्री नऊला आकाश काळं ठिक्कर आणि दिवे नुसते पांढरे ठिपके. आणि सूर्यास्तानंतरची ती दहा-पंधरा मिनिटं! आकाशात निळा उजेड अजून शिल्लक असतो, दुकानांचे दिवे लागलेले असतात, आणि दोघांचं पारडं समान असतं. मोबाइलला तेव्हा काहीच अवघड जात नाही. चारही फोटो शेजारी ठेवून बघा. मोबाइल तोच, जागा तीच, माणूस तोच. हा फरक सत्तर हजारांत मिळत नाही, घरातून निघायची वेळ बदलून मिळतो.

दुसरा गृहपाठ जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात. इथे सकाळी लवकर जा आणि उजेड कुठल्या बाजूने येतोय एवढंच बघा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या मावशींचा चेहरा फोटोत निळा येतो, लाल छत्रीखाली लाल. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू दुरुस्त करून घेतो. कॅमेरा घेत नाही. त्यातच डोक्यावर दिवा लटकत असेल तर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा, आणि मग कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो धड होत नाही. उपाय फुकट आहे. ताडपत्रीची कड जिथे संपते तिथे मावशी कधी पुढे वाकतात याची वाट बघायची. गिऱ्हाईकाला कोथिंबिरीची जुडी देताना वाकतातच.

विचारून फोटो काढा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. आधी पावशेर मिरच्या घेतल्यात तर आणखी बरं. दोनदा नकार मिळेल, तिसऱ्यांदा कुणीतरी पदर सारखा करेल आणि "काढ" म्हणेल. पदर सारखा करतानाचा फोटो काढा. नंतरचा, ताठ बसलेला, त्यांच्यासाठी काढा. आणि त्याची प्रिंट करून पुढच्या आठवड्यात नेऊन द्या. जांभळी नाक्याला माझी ओळख "फोटो आणून देणारा" अशी आहे, आणि तिला कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त दारं उघडतात.

वही

आता शंभर पानी वहीबद्दल. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी बिघडलेले फोटो लिहायचे. चांगले आले ते नाही. एका ओळीत तीन गोष्टी: काय काढायचं होतं, कुठे, आणि का गेलं. "का" या रकान्यात मोजकेच शब्द वापरायचे, म्हणजे नंतर मोजता येतात. उशीर झाला. लांब होतं. हललं. अंधार होता. मागे खांब आला. विचारायची लाज वाटली.

शेवटचं कारण खरं लिहा. माझ्या पहिल्या वहीत ते सगळ्यांत जास्त वेळा होतं, आणि मी मात्र तेव्हा लेन्सच्या मागे लागलो होतो.

दुसरी सवय: दिवसाला शंभर फोटो काढा, पण पाच ठेवा. पाच निवडताना ते का निवडले ते स्वतःला मोठ्याने सांगायचं. "छान आलाय" चालणार नाही. "रिक्षावाल्याचा हात आणि आरशातले त्याचे डोळे दोन्ही दिसताहेत" असं काहीतरी हवं. सांगता आलं नाही तर बहुधा तो फोटो साधाच असतो.

माझी सहाशे मिलीमीटरची फजिती

काही वर्षांपूर्वी मला फ्लेमिंगोचे फोटो हवे होते. ठाणे खाडीत थंडी ते उन्हाळा हजारोंनी येतात, २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि आपल्याकडे एकही धड फोटो नाही म्हणजे काय! माझ्या मते अडचण उघड होती: लेन्स छोटी. म्हणून लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिलीमीटरची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. मिलीमीटर जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं. खांदा मोडेल अशी जड. शनिवारी आरामात नाश्ता करून दहाच्या सुमारास वाशीच्या सागर विहारला पोहोचलो.

समोर ओहोटी. मैलभर चिखल, आणि त्याच्या पार टोकाला गुलाबी रंगाची एक रेघ. सहाशेवर लावूनही पक्षी तिळाएवढे. त्यात ऊन चढलेलं, चिखलावरून गरम हवा थरथरत होती, आणि लांब लेन्समधून ते थरथरणंही मोठं होऊन येत होतं. तीनशे फोटो काढले, एकही शार्प नाही. रविवारी पुन्हा दहालाच गेलो. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तास उशिरा होते, त्यामुळे चित्र थोडं बदललेलं, पण फार नाही.

काठावर जाळं दुरुस्त करणारे एक कोळीकाका दोन्ही दिवस माझी कसरत बघत होते. त्यांनी शेवटी विचारलं, "पाणी नाय तर पक्षी जवल कशाला येतील?" आणि मग तिथी विचारली. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कोकण किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेलं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. शुक्ल पक्ष असो की कृष्ण. आता मोबाइलवर मिनिटागणिक कोष्टक मिळतं, पण कालनिर्णयावरून पंधरा दिवसांची आखणी करायला हे गणित अजून झकास चालतं.

फ्लेमिंगो ओहोटीच्या चिखलात चरतात. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी काठाकडे ढकलले जातात. पूर्ण भरती झाली की चरायला जागाच उरत नाही. मग थवे उडून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन विसावतात. म्हणजे हवी ती वेळ भरतीच्या आधीचे दोन-तीन तास. आणि वाशी-ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्यामुळे तिथून खाडीकडे तोंड केलं की सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी असतं, पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी तेच डोळ्यांत येतं आणि पक्षी काळे पडतात. दोन्ही जुळवायचं तर द्वादशी-त्रयोदशीची सकाळ, पावणेसातला काठावर.

पुढच्या महिन्यात द्वादशीला गेलो. भाड्याची लेन्स नव्हती, मित्राची साधी ५५-२५० होती. त्यातला एक फोटो आजही घरात भिंतीवर आहे. तो पाहून "लेन्स कुठली?" असं विचारणाऱ्यांना मी तिथी सांगतो.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचं असेल तर तिथल्या फेऱ्याही भरतीवरच अवलंबून असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. कुठेही पक्ष्यांना उडवून फोटो काढू नका. दगड मारून थवा उडवणारे मी पाहिलेत, त्यांच्या गळ्यात भारीतले कॅमेरे होते.

मागून आणलेला कॅमेरा

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणाचातरी जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, मागून आणा. घराघरांत कपाटात पडून असतात. लग्नात घेतलेला, नंतर मोबाइल आल्यावर कुणी हात न लावलेला. सोबत १८-५५ ची लेन्स असतेच. ती ३५ वर फिरवा आणि चिकटपट्टी लावून महिनाभर तिथेच ठेवा. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग. अशा छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ म्हणजे फुल फ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरचे, साधारण ५२ होतात. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बरंचसं काम ५० च्या एका लेन्सवर केलं, तेव्हा तुमचा एक महिना जाईल. झूम बंद झाला की पाय चालू लागतात, आणि गुडघे वाकायला लागतात. मागचा खांब अर्धं पाऊल डावीकडे सरकून जातो, हे तेव्हाच कळतं.

आकड्यांचा फार बाऊ करू नका. शटर म्हणजे किती वेळ, अ‍ॅपर्चर म्हणजे किती मोठं भोक (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं), आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा. चालणारी माणसं थांबलेली दिसायला १/२५० सेकंद पुरतं. दहीहंडीत वरच्या थरावरून गोविंदा घसरतो तो क्षण गोठवायला १/१००० किंवा त्याहून वेगवान. उलट राम मारुती रोडवर रिक्षा शार्प आणि मागची दुकानं रेघारेघांची हवी असतील तर १/३० ठेवून रिक्षेबरोबर कॅमेरा फिरवायचा. पहिल्या दिवशी पन्नासात एक येईल. हात न टेकता काढायचं तर शटरच्या खालचा आकडा लेन्सच्या मिलीमीटरपेक्षा कमी ठेवू नका. २५० वर असाल तर निदान १/२५०. आयएसओ वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला कशानेच सुधारत नाही.

एक स्थानिक सल्ला. कार्यालयात एलईडीच्या उजेडात फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात, आणि लोक कॅमेरा बिघडला समजून दुकानात धावतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

मेगापिक्सेलबद्दल एकच हिशेब. ए-फोर कागदावर उत्तम छपाईला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाही. पुढे बोलायची गरज नाही.

वही काय म्हणते ते ऐका

तीन महिन्यांनी वही उघडून "का" चा रकाना मोजा. "उशीर झाला" आणि "लाज वाटली" जास्त असेल तर काहीही घेऊ नका. "मागे खांब" असेल तर पुन्हा महिनाभर ३५ वर. "हललं" असेल तर आधी शटर तपासा. ते बरोबर असूनही रात्रीचे देखावे हलत असतील तर ट्रायपॉड. उपवन तलावाच्या रात्रीच्या फोटोला याहून वेगळं काही लागत नाही. फक्त गर्दीच्या जागी ट्रायपॉड उघडला की रखवालदार हजर होतो, तेव्हा कठड्यावर ठेवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्या. ती घरीच शिवून होते.

"लांब होतं" हे कारण भरतीची वेळ साधूनही राहिलं, तर टेलिफोटो लेन्स खरंच हवी. येऊरच्या झाडीत पक्षी बघणाऱ्यांचं हेच होतं. तिथे हरियल काही तिथी बघून जवळ येत नाही.

आणि "अंधार होता". इथे मात्र पैशाचं चालतं, हे मान्य करायला हवं. नाटकाच्या तालमीचे किंवा गाण्याच्या बैठकीचे फोटो घ्यायचे आहेत, आयोजकांची परवानगी आहे, फ्लॅश मारता येत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ २.८ ची लेन्स त्याच्या चौपट उजेड आत घेते. म्हणजे जिथे तुमचं शटर १/५० वर अडकून तबलजीचे हात धुरकट येतात, तिथे शेजारचा १/२०० वर असतो. ही तफावत नजरेने भरून निघत नाही. पण एफ २.८ च्या महागड्या झूमआधी ५० मिलीमीटर एफ १.८ घेऊन बघा. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांत ती मोडते, आणि एफ २.८ पेक्षाही दुपटीहून जास्त उजेड घेते. फक्त पूर्ण उघडून जवळून चेहरा काढला तर एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो. सवय होते.

पैसे घेऊन लग्नं करायची असतील तर हिशेबच निराळा. तिथे दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि बॅगेत दुसरा कॅमेरा हवाच. सप्तपदी पुन्हा होत नाही.

जुनं घेताना

मी आजवर निम्म्याहून जास्त सामान वापरलेलं घेतलंय. फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकडून अर्धा दिवस काढा. घेण्याआधी हवी ती लेन्स एक दिवस भाड्याने वापरून बघा, माझ्यासारखी वेळ न चुकवता. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते, लेन्स दहा-पंधरा वर्षं सहज साथ देते, म्हणून पैसे लेन्सकडे झुकते ठेवा.

दुकानात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. स्वस्तात मिळाली तरी परत ठेवा. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करून पाहा, काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, किमतीत घासाघीस करायला उपयोगी पडते. शटर आजवर किती वेळा पडलंय तेही विचारा, आणि शक्य असेल तर स्वतः तपासा.

बुरशीचं दुखणं आपल्याकडे पावसाळ्यात हमखास. मी एक लेन्स जून ते सप्टेंबर चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली होती, खाडीच्या बाजूच्या घरात. गणपतीत बाहेर काढली तर आत बुरशीची नक्षी. आता डाळी-तांदळाचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटासा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायचं. एसी खोलीतून थेट बाहेर पावसाळी हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते. बॅगेतच वीस मिनिटं राहू द्या.

तो शेजारचा मुलगा वही ठेवतोय. परवा दाखवायला आला होता. ६३ नोंदी, त्यातल्या २९ "उशीर", १४ "लाज वाटली", ९ "मागे काहीतरी", ५ "हललं", ६ "लांब". बोनस अजून खात्यात आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला तो मिरवणुकीच्या तासभर आधी पोहोचला होता. लेझीम पथकातल्या मुली फेटे बांधून घेत होत्या, तोंडात पिना धरून, आणि सहा फोटो त्याने खरोखर चांगले काढलेत, मोबाइलवर.

रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, शनिवारी तिथी कुठली?"